दादाचा पास

"फॉरवर्डनं मागं बघायचंच कशाला?"

दादा हे सगळ्यांना विचारायचा. फुटबॉलच्या कोचला, आईला. मी त्याच्याच टीममध्ये उजव्या विंगला पास मागत पळायचो, मलाही. दादा गेला त्याला अजून महिना नाही. माणसं भेटायला येतात, रडायची तयारी करून बसतात आणि त्याचे किस्सेच सांगत सुटतात. एक संपला की दुसरा निघतो. मग मीही सांगतो.

*

अंबरनाथच्या कारखान्यात त्याला खेळासाठीच घेतलं. तरी साहेबांनी विचारलं, "काम काय येतं?"

"गोल मारतो."

"आणि गोल नाही झाला तर?"

"मग इथलं काहीतरी शिकवा."

नाव पॅकिंगला लागलं. टीम होती तोवर पॅकिंग खातं कुठल्या बाजूला आहे, हे त्याला माहीत नव्हतं.

*

बूट उल्हासनगरचे, कॅम्प पाचच्या बाजारातले. वर नाव मात्र फॉरेनचं. एका मॅचला त्यानं शॉट मारला आणि बॉलबरोबर बुटाचा तळही उडाला. गोलकीपर झेपावला तो तळावर. बॉल दुसऱ्या बाजूनं आत!

दुसऱ्या दिवशी दादा बूट घेऊन दुकानात. सिंधी शेठ म्हणाला, "गोल हुआ ना, साईं? फिर शिकायत कैसी?"

दादा त्याच्याकडूनच नवा जोड घेऊन आला.

*

शिरगावला मुलगी बघायला गेलो. मामा कौतुकानं म्हणाला, "आमचा मुलगा फॉरवर्ड आहे."

मुलीच्या बापानं कप खाली ठेवला. "मग राहू द्या. आमची साधी आहे."

मामानं हातवारे करून बॉल, गोल सगळं समजावलं, तेव्हा कुठं पोहे आले. आतल्या खोलीत वहिनी पदर तोंडात धरून हसत होती म्हणे. आता हा किस्सा निघाला की ती उठून जाते.

*

मग कंपनीनं टीम बंद केली. दादाला सांगितलं, उद्यापासून खरंच पॅकिंगला ये. गेटवर नवा वॉचमन. "पास दाखव."

"आयुष्यात कोणाला दिला नाही, तुला कुठून देऊ?"

सगळं गेट हसलं. घरी येऊन मात्र तो जेवला नाही.

मी चिडून म्हणालो, "सख्ख्या भावाला तरी एकदा द्यायचास."

"जागा सोडू नको, बारक्या. येईल."

*

बऱ्याच वर्षांनी, परवाच्या त्या रविवारी बदलापूर गावच्या मैदानावर जुनी टीम गोळा झाली होती. पोटं सुटलेली, दम कोणालाच नाही. दादानं दोघांना चकवलं. गोलकीपर पडला. समोर गोल मोकळा.

आणि दादा थांबला. बॉल पायाखाली धरला, मागं वळला, मला शोधलं.

"घे रे, बारक्या."

पास माझ्याकडं आला. मी बघतच राहिलो. बॉल माझ्या दोन पायांमधून बाहेर गेला. सगळे मला शिव्या घालायला लागले, मी दादावर ओरडलो, "आधी सांगायचंस ना!"

तो खाली बसला होता. मान खाली, हात छातीवर, खांदे हलत होते.

मला वाटलं, हसतोय.