निळ्या प्लास्टिकचा हौद

पोहण्याचा तलाव माणसाला आपल्या हातांनी बांधता येतो, असं आमच्या साहेबांना मोबाईलने सांगितलं. मोबाईलमध्ये एक गोरा माणूस होता, अर्धी चड्डी आणि टोपी घातलेला. तो खड्डा खणायचा, भिंती उभ्या करायचा, वरून निळं प्लास्टिक अंथरायचा आणि शेवटी त्याची पोरं धपाधप उड्या मारायची. सगळं चहा निवेपर्यंत उरकायचं. साहेबांनी ते मला दाखवलं आणि विचारलं, "ताई, कसं वाटतं?"

"छान आहे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

आम्ही साहेबांच्या प्लॉटवर राखणीला राहतो. शहराबाहेर, आनेकलच्या अलीकडे, तळ्याकडे उतरत गेलेली जमीन, थोडी आंब्याची कलमं, बसायला एक पत्र्याची शेड आणि पंपाच्या खोलीला लागून आमची खोली. मी परभणीकडची. सातवीत शाळा सुटली, लग्न झालं, आणि नवऱ्याबरोबर बांधकामावर म्हणून इतक्या लांब आले. इथे आल्यावर आम्हाला आणणारा मुकादम एका सकाळी दिसेनासा झाला. आनेकलच्या बसस्टँडवर ट्रंकेवर बसून मी नवऱ्याशी भांडत होते. मराठीत आणि मोठ्याने, कारण इथे कुणाला काय कळणार. एका गाडीवाल्याला कळलं. तो पुण्याचा निघाला, कंप्युटरच्या कंपनीतला, तेच हे साहेब. गाडी बाजूला घेऊन म्हणाला, "कुठले तुम्ही?" त्याच संध्याकाळी आमच्या डोक्यावर छप्पर होतं. देवाला दिवा लावताना मी आजही त्या माणसाचं नाव घेते.

तरी मला साहेबांविषयी जे वाटतं ते वाटतंच. उपकार करणाऱ्यावर रागावू नये हे मला कळतं, आणि मी कधी रागावलेही नाही. पण एखाद्याला खुळ्यासारखं वागताना रोज बघायचं आणि मनात काहीच येऊ द्यायचं नाही, हे कुणालाच जमणार नाही.

तलावाचं खूळ निघालं मॅडममुळे. मॅडम म्हणजे साहेबांची बायको. त्यांना हा प्लॉट विकून शहरात जयनगरला मोठं घर घ्यायचं होतं. त्या महिन्याकाठी कधीतरी यायच्या, शेडमध्ये दहा मिनिटं बसायच्या, मी केलेल्या चहाला हात लावायच्या नाहीत आणि गाडीत जाऊन बसायच्या. मला वाटायचं, आमचा चहा यांच्या घशाखाली कसा उतरेल. मोठ्या घरची बाई. एकदा गाडीजवळ दोघांचं चाललेलं मी ऐकलं.

"इथे येऊन मी करू काय?" मॅडम म्हणाल्या.

"कॉलेजात असताना तू पोहायचीस. इथे तलाव असला तर येशील?"

"दिवाळीपर्यंत बघते. नाहीतर विकू या, विषय संपवू."

मी कलमाच्या आळ्यात पाणी सोडत होते. पाणी आळ्याबाहेर गेलं तरी माझं लक्ष नव्हतं. प्लॉट विकला म्हणजे नव्या मालकाचे नवे नोकर आले, आणि आम्ही परत ट्रंकेवर. म्हणजे जगातल्या ज्या गोष्टीची मला सगळ्यात कमी किंमत वाटत होती, ती गोष्ट पार पडावी म्हणून मला नवस बोलायची पाळी आली.

खड्डा जेसीबीने खणला. आपल्या हातांनी म्हणत होते, पण कुदळीचे चार घाव घातल्यावर साहेबांनी हाताला बँडेज बांधलं आणि जेसीबीवाल्याला फोन केला. पुढच्या रविवारी ऑफिसातले मित्र आले. सगळे मराठी, पुण्या-नागपूरकडचे, एकसारखे बूट घातलेले. एकेकाने फावडं हातात धरून फोटो काढून घेतला. एकाने ब्लॉक उचलला आणि कुठे ठेवायचा हे कळेना म्हणून तो तसाच उचलून गप्पा मारत राहिला. संध्याकाळपर्यंत भिंतीचा एक थर झाला आणि पन्नास बिर्याण्या खाल्ल्यासारखा कचरा. तो मी गोळा केला. भिंत दुसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्याने पाडली, कारण तिला पोट आलं होतं, आणि त्याने बांधलेल्या भिंतीलाही आलं, फक्त थोडं कमी. तोही काही गवंडी नव्हता, नुसता माल वाहणारा. पण साहेब म्हणाले, "चालेल, लायनर सगळं झाकतो."

लायनर म्हणजे ते निळं प्लास्टिक. साहेबांच्या तोंडी हाच एक शब्द. भिंत वाकडी, लायनर झाकेल. तळ उंचसखल, लायनर घेईल. लग्नात कुरूप नवऱ्याचं जसं सगळे बाशिंगावर सोपवतात, तसं चाललं होतं.

ते आलं तेव्हा चौघांना उचलेना. वर टाइल्सचं चित्र छापलेलं. तळाला वाळू-सिमेंट थापून झाल्यावर आम्ही अनवाणी आत उतरलो आणि ते अंथरलं. त्याची कड काठावरच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत, खाचेत बसवायची असते. एका बाजूने बसवली की दुसऱ्या बाजूने सुटायची. मग घर झाडायच्या व्हॅक्यूमचं तोंड प्लास्टिकमागे घालून साहेबांनी मागची हवा ओढली, तेव्हा ते भिंतीला चिकटलं. हे मात्र मला आवडलं, खोटं का बोलू. पण तेवढ्यात शेजारच्या गोठ्यातली अक्का कुंपणापाशी येऊन उभी राहिली. तिला कळेना आम्ही काय करतोय. "नीरिगे हासिगेना?" तिने मला विचारलं. पाण्याला अंथरूण घालताय का. मी म्हटलं हो. ती पदर तोंडाला लावून म्हशींकडे गेली आणि म्हशींनाही तेच सांगत असावी.

पाणी भरलं. बोअरचं थोडं, टँकरचं बाकी. आणि तलाव खरंच तलावासारखा दिसायला लागला. साहेब काठावर खुर्ची टाकून लॅपटॉप घेऊन बसायचे. आत उतरायचे नाहीत, त्यांना पोहता येत नव्हतं. औषध टाकायचं, छोट्या मशीनने पाणी फिरवायचं, जाळीने पानं काढायची, हे माझ्याकडे आलं. दिवाळी जवळ येत होती. परतीचा पाऊस असा लागला की खालचं तळं काठोकाठ आलं आणि आमच्या खोलीची जमीनसुद्धा ओल धरू लागली. मी रोज सकाळी तलावाकडे बघून हात जोडायचे. नवरा म्हणायचा, "आता ह्याची पण आरती कर." मी केलीही असती.

मग साहेबांच्या आई आल्या, पुण्याहून, दिवाळीला. मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळी यायच्या होत्या. आईंनी काठावर उभं राहून पाणी बघितलं.

"हे कधी भरलंयस?"

"दसऱ्याच्या आधी."

"दसऱ्याच्या?" त्या माझ्याकडे वळल्या. "ऐकलंस का गं? लक्ष्मीपूजनाला घरची सून शिळ्या पाण्यात उतरवणार हा."

"आई, हे पाणी बदलायचं नसतं. औषध टाकून फिरवायचं असतं. उलट रिकामं करायचं नाही असं लिहिलंय त्यांनी."

"त्यांनी म्हणजे कुणी? त्या चड्डीवाल्याने? तो पाण्याने धूत तरी असेल का?" मग शांतपणे म्हणाल्या, "आपल्या घरी पाण्याचा हंडा रोज सकाळी पालथा घालते मी. कालचं पाणी तुझ्या बापाला कधी प्यायला दिलं नाही. तुला करायचं ते कर."

आता यात आईंना हसायचं कारण नाही. माझ्याही माहेरी पहाटे उठून पहिलं काम तेच, रात्रीचं पाणी अंगणात ओतायचं, भांडं घासायचं, नवं भरायचं. शिळं पाणी म्हटलं की आमच्यातल्या कुणाच्याही अंगावर शहारा येतो. मलाही तेव्हा आईंचं बरोबर वाटलं. हसू येतं ते साहेबांचं. जो माणूस महिनोन् महिने एका परक्या टोपीवाल्याचं अक्षर न् अक्षर पाळत होता, ज्याने नवऱ्याच्या, माझ्या, अक्काच्या, कुणाच्याच बोलण्याकडे ढुंकून बघितलं नाही, त्याने आईच्या एका वाक्यावर पंप लावला. आणि ऐकायचंच होतं तर नेमकं जे ऐकायला नको होतं तेच ऐकलं.

दुपारभर पाणी उतारावर वाहत गेलं. आम्ही दोघं आत उतरून मऊ फडक्याने प्लास्टिक पुसायला लागलो. तळ पायाखाली लिबलिबत होता, भरल्या पोटावर चालल्यासारखा. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. "पाणी बसलं असंल वाळूत," तो म्हणाला. मीही तसंच धरून चालले. भरायच्या वेळेला वीज गेली. साहेब म्हणाले, "सकाळी भरू, ताजंच राहील."

सकाळी तलावाच्या मध्यावर एक निळा डोंगर होता.

पावसाने भिजलेल्या जमिनीतलं पाणी प्लास्टिकच्या खाली शिरलं होतं आणि वरून दाबायला काही नव्हतं. पुरी फुगावी तसं ते सगळं वर आलेलं. दोन बाजूंची कड खाचेतून सुटून आत लोंबत होती. साहेब पायजमा वर करून आत उतरले आणि त्या फुगवट्यावर उभे राहिले. तो इकडे बसला की तिकडे उठायचा. ते तिकडे गेले की इकडे. बराच वेळ ते असे फिरत होते. आई काठावरून म्हणाल्या, "आता मधोमध बस, म्हणजे समजेल काय ते." त्यांनी खरंच बसून बघितलं. मी तोंड फिरवलं. मला हसू आलं नव्हतं. आमची ट्रंक कुठे ठेवलीय ते मी आठवत होते.

तेवढ्यात मॅडमची गाडी आली.

त्या उतरल्या. नवरा निळ्या टेकडीवर बसलेला, सासू काठावर, आणि ताजं पाणी कुठेच नाही, हे सगळं त्यांनी बघितलं. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "तुमच्याकडे संडास आहे ना? मला जायचंय."

आमचा संडास म्हणजे तीन बाजूंनी पत्रा आणि चौथ्या बाजूला सुतळीने बांधायचं दार. सुतळी कधीच कुजली होती. घरच्यांपुरतं चालून जायचं, पण मॅडम आत गेल्यावर मला बाहेरून दार ओढून धरून उभं राहावं लागलं.

आतून आवाज आला, "धरलंय ना?"

"धरलंय."

"सोडू नका हं. इथे यायचं असलं की मी सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाही. तुमचा चहा पण नाही घेत. तुम्हाला राग येत असेल."

राग येत होताच. शेडमध्ये सोय नाही, आत साहेबांचे मित्र, कुंपणाबाहेर गुरं राखणारे, आणि त्या बाईने दर वेळी गाडीत पाय घट्ट धरून काढलेला वेळ मी आजवर तिचा ताठा समजत होते.

"साहेबांना सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं. म्हणाले, आधी पूल होऊ दे, मग शेजारी चेंजिंग रूम काढू."

दार मध्ये होतं म्हणून मला धीर आला. समोरासमोर मी हे कधीच विचारलं नसतं. "मॅडम, प्लॉट विकणार का?"

आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. मग, "तुमचं काय होईल म्हणून विचारताय?"

"हो."

त्या बाहेर आल्या, हात धुतले, माझ्याच पदराला पुसले आणि तलावाकडे गेल्या. साहेब अजून आतच होते.

"वर या," मॅडम म्हणाल्या. "विकायचं की नाही ते मी नंतर सांगीन. आधी खरा मिस्त्री बोलवा. मोबाईलमधला नको. शेडला लागून संडास-बाथरूम बांधून घ्या आणि त्याचं दार आतून लागलं पाहिजे."

"अगं पण पूल..."

"पुलात कोण उतरणार होतं? तुम्हाला पोहता येत नाही, आणि मी इथे पाच माणसांसमोर कपडे बदलायला कुठे जाणार होते?"

साहेबांनी आईंकडे बघितलं, मदतीला याव्यात म्हणून. आई म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघतोस. कालची रात्र या शेडमध्ये मी कशी काढलीय माझं मला माहीत." आणि माझा हात धरला. "चल गं, मलाही दार धर."

बांधकाम संक्रांतीच्या आत झालं. मिस्त्री तमिळ होता, दिवसाला चार शब्द बोलायचा. साहेब त्याला मोबाईलमधली बाथरूमं दाखवायचे आणि तो मान हलवून आपलंच बांधायचा. तलावात माती परत लोटली. साहेबांनी मित्रांना सांगितलं की जमिनीच्या पाण्याची पातळी अनुकूल नव्हती. मित्रांनी माना डोलावल्या. त्यांना बिर्याणीशी मतलब.

आता मॅडम बहुतेक शनिवारी येतात. बाजेवर पडून वाचतात, चहा दोनदा मागून घेतात. विकायचं नाही, असं मात्र त्यांनी अजून एकदाही म्हटलेलं नाही आणि मी विचारत नाही. शनिवारी सकाळी वरची टाकी भरते, बाथरूम घासते, मग आत उभी राहून दाराची कडी लावून बघते. लागते. दोनदा लावून बघते, आणि मग चहाचं आधण ठेवायला जाते.