पुढच्या भागाला विषय सुचवा

रविवारी दुपारची जेवणं झाली की मी पंखा बंद करायचो. जळगावात राहणाऱ्याला या वाक्याचा अर्थ फोडून सांगायला नको. बाहेर कुत्रीसुद्धा गटारीच्या ओल्या कडेला पोट टेकून पडलेली असायची, आणि मी शहाणा माणूस आतल्या खोलीत खिडक्या लावून, दोन्ही बाजूंना गाद्या उभ्या करून माइकसमोर बसलेला. पंख्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते म्हणून पंखा बंद. कूलरचं तर नावच काढायला नको. बायको दारावरून जाताना विचारायची, वाफच घ्यायची असेल तर पातेलं आणून देऊ का?

पॉडकास्ट आम्ही दोघं मिळून करायचो. दुसरा म्हणजे माझा धुळ्याचा मित्र. पॉलिटेक्निकला आम्ही एका खोलीत राहायचो, तेव्हापासूनची दोस्ती. पुढे मी जळगावात पाइपांच्या एका कारखान्यात ड्रॉइंगच्या कामाला लागलो आणि त्याने धुळ्यात मोबाईलचं दुकान टाकलं. खोलीवर असताना भाड्याने आणलेल्या कॉमिक्सवरून आमची भांडणं व्हायची, कोणता सुपरहिरो कोणाला लोळवेल, टाइम मशीन मिळालं तर आधी कुठे जायचं, असल्या गोष्टींवरून. मेसचा डबा गार व्हायचा तरी आमचा निकाल लागत नसे. चाळिशी उलटल्यावर त्याने एक दिवस फोन करून सांगितलं की आता असल्या बोलण्यालाही ऐकणारे मिळतात, आपणही करू. मोठ्या शहरात या मंडळींना गीक म्हणतात म्हणे. आमच्याकडे रिकामटेकडे म्हणतात.

तो धुळ्याहून बोलायचा, दुकानाचं शटर अर्धं ओढून, मी जळगावहून. सुपरहिरो, व्हिडिओ गेम, परग्रहावरची माणसं, रोबो, सगळं मराठीत आणि मधून मधून अहिराणीत. प्रत्येक भागाच्या शेवटी तो एकाच सुरात म्हणायचा, पुढच्या भागाला विषय सुचवा. त्यासाठी त्याने एक वेगळा नंबर घेतला होता आणि तो फोन त्याच्याकडेच असायचा. आलेले निरोप, बहुतेक बोलून पाठवलेले, तो मला पुढे पाठवायचा.

सुरुवातीला निरोपांची मजा वाटायची, हे खरं सांगायला हवं. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या एकाने विचारलं होतं की टाइम मशीन आलं तर ते तरी वेळेवर सुटेल का, यावर एक भाग करा. चोपड्याच्या एका पोराला जाणून घ्यायचं होतं की विजेवर चालणारा सुपरहिरो आमच्या भारनियमनात काय करेल. एकाने केळीवरच्या रोगावर बोला म्हणून सांगितलं, तो बहुतेक चुकून आमच्याकडे आला असावा. आणि एका बापाने फक्त एवढंच विचारलं, हे सगळं पाहून नोकरी लागते का? त्यावर मात्र आम्ही भाग केला नाही.

पण नव्याचे नऊ दिवस. कारखान्यात नवा साहेब आला आणि त्याला प्रत्येक ड्रॉइंग कालच हवं असायचं. आईचे गुडघे गेले. मुलगी बारावीला. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तसे हे श्रोत्यांनी सुचवलेले विषय. कोणी एका मालिकेचं नाव काढलं की तिचे सगळे भाग बघणं आलं. मी ते जेवताना बघायचो, आईला दवाखान्यात नेल्यावर बाकावर बसून बघायचो, आणि बघता बघता डोळे मिटायचे. पूर्वी ज्या गोष्टीसाठी मी डबा गार होऊ द्यायचो तीच आता ड्रॉइंगसारखी उरकायला लागलो होतो. अंतराळात कोणाचा ग्रह फुटला तरी मला त्याचं काही वाटेनासं झालं.

मी मित्राला म्हणायचो की आता पुरे करू. तो नाही म्हणायचा नाही. म्हणायचा, बघू ना, आता विषयच नाही आले तर आपोआपच बंद होईल. आणि दोन दिवसांत निरोपांची रांग लागायची. भीक नको पण कुत्रं आवर, असं व्हायचं मला. एक गोष्ट मात्र खरी, हे नवे निरोप वेगळे होते. आवाज मोठ्या माणसांचे. एक बाई अहिराणीत म्हणाली, ते बठ्ठा जगं येकमेकमा घुसतंस त्यावर बोला ना भाऊ. म्हणजे सगळी जगं एकमेकांत घुसतात ते, मल्टिव्हर्स. एका खोकणाऱ्या म्हाताऱ्याला रोबोला आत्मा असतो का ते हवं होतं. पोरांच्या गप्पा म्हणून सुरू केलेलं हे आपलं काम खान्देशातल्या बायाबापड्यांपर्यंत पोचलं, या विचाराने मी इतका फुगलो की थकवा बाजूला ठेवून पुढचा भाग करायला बसायचो. बायकोने एकदा विचारलं की मल्टिव्हर्सचं या मावशीला काय पडलंय. मी तिला म्हटलं, तुला आपल्या लोकांची किंमत नाही.

असं करत दिवाळी गेली. मग मीच ठरवलं की असं फोनवर फोनवर हे संपणार नाही. थंडी पडली की आमच्याकडे शेतात भरताची पार्टी होतेच. यावलजवळ माझ्या मेहुण्याचं शेत आहे. श्रोत्यांना तिथे बोलवायचं, पोटभर भरीत खाऊ घालायचं आणि तोंडावर सांगायचं की राम राम, आता आम्ही थांबतो. इतके दिवस विषय सुचवले त्यांना एवढा मान द्यायला हवा, असं मला वाटत होतं. मित्राला सांगितलं. तो म्हणाला, थंडी नीट भरू दे. थंडी भरली तेव्हा म्हणाला, लग्नसराई आहे, कोण येईल? मी हट्टाला पेटलो, तेव्हा कुठे तयार झाला.

त्या सकाळी माझ्या बाजूने आले फक्त भुसावळचे दोघं तरुण, एका मोटरसायकलवर. त्यातला एक टाइम मशीनवाला निघाला. मित्र मात्र धुळ्याहून भरगच्च जीप घेऊन आला. नऊवारीतल्या एक मावशी, स्वेटर घातलेला खोकणारा म्हातारा, दोन-तीन बाप्ये, एक नवी सून. जीपमधून उतरताना सगळे माझ्याकडे बघून हसत होते आणि मला भरून आलं. हेच ते आवाज, मी मनात म्हटलं.

कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी टाकली. मेहुणा आणि बाप्ये ती उलटीपालटी करत बसले, माझी बायको, मेहुण्याची बायको, त्या मावशी आणि नवी सून पुऱ्यांचं पीठ मळायला लागल्या. आता आमच्याकडे चार बायका एका परातीभोवती बसल्या की पहिलं काय होतं, हे मला माहीत असायला हवं होतं. आधी गाव विचारतात. मग माहेर. मग कोणाकडच्या, ते. कुठेतरी नातं लागेपर्यंत विचारत राहायचं, आणि नातं लागलं नाही तर ते पीठ मळलंच जात नाही. माझ्या मित्राने सगळं जमवलं होतं, आवाज जमवले, विषय पढवले, जीप केली. पण पुऱ्या लाटायला बसलेल्या बायकांचा विचार त्याच्या डोक्यात आला नव्हता.

पहिला घाणा कढईतून निघायच्या आत बायको माझ्याजवळ आली. हाताला पीठ तसंच. तिने हळूच सांगितलं की त्या मावशी म्हणजे त्याची सख्खी मावशी. म्हातारा त्याच्या दुकानाचा घरमालक. सून मामेभावाची. बाप्ये शेजारच्या दुकानातले. जीपमधल्या एकानेही आपला पॉडकास्ट ऐकलेला नाही. ती हे सांगताना हसली असती तर बरं झालं असतं. ती हसली नाही.

मी पातीचा कांदा घ्यायच्या निमित्ताने मावशींजवळ जाऊन बसलो. त्यांनी लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. पुरी लाटता लाटता म्हणाल्या, "मी त्यानी मावशी शे ना भाऊ. तो म्हने, मावशी, मोबाईलमा इतलं बोली दे. माले काय समजस त्यामातलं? पन येकलाच ऱ्हास तो. तुन्हा फोन उना का दोन दिन हासत ऱ्हास."

एकटाच राहतो, आणि माझा फोन आला की दोन दिवस हसत असतो म्हणे. त्याची बायको-मुलं शिक्षणासाठी नाशिकला गेली हे मला माहीत होतं. तीन वर्षं झाली असतील. आमच्याकडे असं पुष्कळ जण करतात, बायको मुलांना घेऊन मोठ्या शहरात आणि बाप दुकानापाशी. त्यात विचारण्यासारखं काय, म्हणून मी कधी विचारलं नव्हतं. रविवारी फोन लागला की आमचं थेट कामाचं बोलणं सुरू व्हायचं. आवाज येतोय का, माझा येतोय, चल सुरू कर. रेकॉर्डिंग झालं की मी आधी पंखा लावायचो आणि मग फोन ठेवायचो.

जेवणं झाली. केळीच्या पानावर भरीत, पुऱ्या, मिरची. चव कशी होती ते मला आज सांगता येणार नाही. मग आम्ही दोघं बांधावर जाऊन बसलो. मला राग आला होता. इतके महिने मी थकून, डोळे ताणून जे बघत होतो ते एका मावशीला पढवलेल्या वाक्यासाठी. मी ते त्याला बोललोही, जरा जास्तच बोललो. तो ढेकळं फोडत ऐकत राहिला. माझं संपल्यावर म्हणाला,

"खरे निरोप केव्हाच थांबले होते. ते दोघं भुसावळचे सोडले तर कोणी नाही."

"मग मला सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर तू बंद केलं असतं."

"केलंच असतं. त्यात काय बिघडलं असतं?"

त्याने हातातलं ढेकूळ खाली ठेवलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "विषय नसता, तर तू मला फोन केला असता का रे?"

मी म्हणायला हवं होतं की केला असता. तोंडापर्यंत आलंही होतं. पण वीस-पंचवीस वर्षांच्या दोस्तीत इतकं खोटं तोंडावर बोलता येत नाही. मी गप्प बसलो आणि तेच माझं उत्तर झालं. मला फार वाईट वाटलं, त्याच्यासाठी आणि माझ्यासाठीही, पण वाईट वाटण्याने काही सुचत नाही.

मी जे सांगायला आलो होतो ते शेवटी त्यानेच सांगितलं. सगळ्यांना जाळाभोवती बोलावून म्हणाला की आता आम्ही थांबतो, इतके दिवस साथ दिलीत, आता विषय सुचवू नका. त्याच्या घरमालकाने टाळ्या वाजवल्या. टाइम मशीनवाल्याचं तोंड उतरलं. एवढा एकच माणूस त्या शेतात आमच्यासाठी हळहळला असेल. मावशींनी निघताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

त्यानंतरचे रविवार मोकळे झाले. मी पंखा लावून झोपायला लागलो. आता तरी बरं वाटेल असं धरून चाललो होतो, पण उठल्यावर अंग तसंच जड. साहेब तोच, आईचे गुडघे तेच. थकवा पॉडकास्टचा नव्हताच, तो नुसता तिथे दिसायचा. गाद्या पुन्हा पलंगावर गेल्या. माइक मुलीने ऑनलाइन क्लासला घेतला. मित्राचा फोन नाही आणि माझाही नाही. रोज वाटायचं करावा, आणि रोज वाटायचं की करून बोलायचं काय. रोबोला आत्मा असतो का यावर आम्ही तासभर बोललो होतो. तू जेवलास का, हे विचारायचं कसं ते मात्र मला येत नव्हतं.

एका मंगळवारी कारखान्यात डबा खाऊन मी बाहेर कडुलिंबाखाली उभा होतो. काही ठरवलेलं नव्हतं. खिशातून मोबाईल काढला आणि त्याला लावला. त्याने पहिल्या रिंगलाच उचलला.

"काय रे, काय झालं?"

मी म्हटलं, काही नाही.

तिकडे दुकानात गिऱ्हाइकांचा गलका चालू होता. तो बहुतेक जरा बाजूला आला, कारण त्याचा आवाज एकदम जवळून आला, दबका आणि घाबरलेला.

"कोणी गेलं का?"

मी लिंबाला टेकलो. रविवार सोडून मी त्याला याआधी फोन केला होता तो ओळखीचं कोणी गेल्याचं सांगायलाच. आधी आमचे सर, मग माझे वडील. त्याचा काही दोष नव्हता.

"नाही रे," मी म्हटलं. "सगळे आहेत. असाच केला."

मग मला त्याचा आवाज ऐकू आला, पण तो माझ्यासाठी नव्हता. समोरच्या गिऱ्हाइकाला तो सांगत होता की भाऊ, थोडं थांबा, मित्राचा फोन आहे.