फाटकापुरता कॅमेरा

डॉक्टरांनी विचारलं, "बाबा पडले कधी? किती वेळ तसेच होते?" आणि मी ताठ मानेनं म्हणाले, "थांबा, आत्ता सांगते. घरी कॅमेरा आहे आमच्या." पर्समधून फोन काढताना मला चक्क बरं वाटत होतं. आपण किती पुढचा विचार केला होता, असं! आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आई गेल्यापासून बाबा नागपुरात हिंगणा रोडच्या घरात एकटे राहतात. कारखान्यात शिफ्टा करून बांधलेलं घर, ते सोडून माझ्या फ्लॅटवर यायचं नाव काढत नाहीत. "तुह्या घरी मी पाहुणा, इथं मी मालक," एवढंच. माझं ऑफिस लांब सदर भागात, भाऊ पुण्याला. त्यात मार्चमध्ये शेजारच्या अंगणातून पाण्याची मोटार चोरीला गेली. नळ, पाइप, सगळं उपटून नेलं मेल्यांनी. भावाचा फोन आला, "ताई, कॅमेरा लाव. ताबडतोब."

कॅमेरा घेणं सोपं असतं हो. भिंतीला ठोकला की झालं. खरी डोकेदुखी पुढे असते, की त्यात दिसलेलं साठवायचं कुठे. सदरच्या दुकानात मी उभी, भाऊ फोनवर, बाबाही फोनवर, आणि तिघांचं एकमेकांवर ओरडणं चालू. दुकानदार म्हणाला, कॅमेऱ्यातच छोटं कार्ड टाका, स्वस्तात मस्त. बाबा तिकडून म्हणाले, "वा रे वा! चोरानं कॅमेराच उपटून नेला तं? पुरावा बी त्याच्याच खिशात!" मी हसले, पण बोलणं बिनतोड होतं. भावाला क्लाउड हवं होतं, म्हणजे सगळं इंटरनेटवर साठणार. बाबांनी तेही उडवलं. "आमच्या इकडं लाइट गेली का नेट गेलं. चोर काय लाइट यायची वाट पाहीन?" शेवटी हार्ड डिस्कवालं डबडं ठरलं. घरातच राहणार, कॅमेऱ्याला वायरीनं जोडलेलं, दोन्ही इन्व्हर्टरवर. बाबांनी ते लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवलं, चोराला सापडू नये म्हणून. दोन दिवसांत ते आत तापून बंद पडलं. मग पुन्हा बाहेर काढून टीव्हीखाली ठेवलं. आमच्या घरात काहीच एका फटक्यात होत नाही.

मग शेवटचा प्रश्न. रेकॉर्डिंग चोवीस तास, की काही हललं तेवढंच? भाऊ म्हणाला, "हललं तेवढंच. दिवसभर रिकामं अंगण भरून ठेवून करायचं काय? उगीच डिस्क भरते." बाबांना पटलं, मलाही पटलं. न पटण्यासारखं होतंच काय त्यात?

पण एप्रिल लागला आणि बाबांनी दरवर्षीसारखी अंगणावर सावलीसाठी हिरवी नेट बांधली. नागपुरात त्याशिवाय उन्हाळा काढायचा कसा? दहा वाजले नाहीत तोच फरशीवर पाय ठेववत नाही. नेट बांधली आणि गरम वारा सुटला. नेट हलली की कॅमेऱ्याला वाटे कोणी आलं. फरशीवर तिची सावली हलली की पुन्हा तेच. माझा फोन दिवसभर टुंगटुंग, टुंगटुंग. साहेबांसमोर बसले असताना टुंग, जेवताना टुंग. एकदा ऑफिसातली शेजारीण म्हणाली, "अगं बाई, तुमच्या घरात चोर आहेत की वरात आली?" माझं डोकंच फिरलं. भावाला फोन केला आणि म्हटलं, याचं काहीतरी कर, नाहीतर मी हा कॅमेरा विहिरीत टाकते.

त्यानं पुण्यात बसल्या बसल्या ॲपमध्ये उपाय शोधला. चित्रातला जो भाग नको असेल त्यावर बोट फिरवायचं. मग तिथे काहीही हलो, कॅमेरा दुर्लक्ष करतो, रेकॉर्डही करत नाही. त्यानं वरची नेट पुसली. तिच्या सावलीसाठी खालची फरशी पुसली. उरलं फाटक आणि कोपऱ्यातली मोटार. "चोर फाटकातून येणार नाहीतर मोटारीपाशी जाणार," तो म्हणाला. "मधल्या अंगणात त्याचं काय काम?" मी म्हटलं, "शहाणा आहेस बाबा तू." त्या दिवसापासून फोन गप्प झाला आणि मी सुटकेचा श्वास टाकला.

बाबा पडले त्या दिवशी मी दुपारी नेहमीप्रमाणे बाबांना फोन लावला. उचलला नाही. उन्हाळ्यात ते जेवून कूलरसमोर पडतात, त्याच्या घरघरीत त्यांना नगारा वाजला तरी ऐकू येत नाही. तरी मी ॲपमधली क्लिपांची यादी पाहिली. सकाळची एक क्लिप, नंतर काही नाही. आता काही नाही म्हणजे सगळं ठीक, असंच ना? मी निवांत डबा खाल्ला. शिवाय टेबलावरच्यांना लोणचंही वाटलं.

संध्याकाळी शेजारच्या काकूंचा फोन आला. त्यांना नुसतं रडू येत होतं. "ये वं पोरी लवकर, बाबा पडून हायेत अंगणात." मी पोचेपर्यंत गल्लीतल्या लोकांनी त्यांना दवाखान्यात नेलं होतं. खुब्याचं हाड मोडलं होतं. ओठ फुटलेले, जीभ कोरडी, नाडी क्षीण. डॉक्टरांना कळायचं होतं की शरीर किती वेळ पाण्यावाचून त्या उकाड्यात होतं, त्यावर पुढचे उपचार ठरणार होते. म्हणून तो प्रश्न आणि म्हणून माझं ते उत्तर.

मी ॲप उघडलं. पहिली क्लिप सकाळची. बाबा फाटक लावून आत येतात, हातात पिशवी, पिशवीतून सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची जुडी डोकावते. दोन पावलं टाकतात आणि क्लिप संपते. दुसरी क्लिप एकदम संध्याकाळची. फाटकात काकू, आत पाहतात आणि तोंडावर हात ठेवतात.

मधे काहीच नव्हतं. मी बोटानं मागे ओढलं, पुढे ओढलं, फोन बंद करून चालू केला. काही नाही! अख्खा दिवस गायब! मी डॉक्टरांसमोर उभी राहून भावाला फोन केला आणि ओरडले, "अरे, बाबा कुठे आहेत यात?" त्यानं तिकडे ॲप उघडून पाहिलं. मग बारीक आवाजात म्हणाला, "ताई, अंगण आपण पुसलं होतं."

माझ्या तोंडातून नुसतं "अरे देवा, अरे देवा" निघत होतं. चोर येईल तो कोपरा न् कोपरा आम्ही धरून ठेवला होता. बाप राहतो ती जागा मात्र बोटानं पुसून टाकली होती. आणि वर त्या कॅमेऱ्याच्या गप्प राहण्याला सगळं ठीक आहे असं समजून मी लोणचं वाटत बसले होते! डॉक्टरांना मी सांगितलं, "नाही सांगता येत." ते म्हणाले, अंगणावर नेटची सावली होती म्हणून निभावलं, उन्हात असते तर कठीण होतं.

सलाईन चढल्यावर बाबांनी डोळे उघडले. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला, तेच मला सहन होईना.

"लय टाइम लागला वं तुले," ते म्हणाले.

"बाबा, आवाज काहून नाही दिला? काकू बाजूलाच होत्या."

"कायले देऊ आवाज? लुंगी सुटली होती माही. लोकं जमा झाले असते, नसता तमाशा." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "आन् तू तं पाहूनच राहिली होती ना. तूच दाखवलं होतं मले फोनमधी, बाबा तुम्ही सारे दिसता म्हणून. मी म्हटलं, पोरगी आता येतेच. हात बी केला मी तुले. मंग करत राहिलो मधून मधून."

कोणी पाहत नव्हतं बाबा, हे कोणत्या तोंडानं सांगू? माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, थांबवता थांबेना. त्यांना वाटलं, उशीर झाला म्हणून रडते आहे. सलाईन लावलेला हात त्यांनी कसाबसा उचलून माझ्या डोक्यावर ठेवला.

"रडू नको वं. मी रागावलो थोडीच. मले समजलं होतं, सायबानं सोडलं नसन तुले."