दहा बोटं मोजणारा किल्लीमामा

माझा मामा इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं लेथ शिकवत होता. मुलं त्याला किल्लीमामा म्हणत. लेथच्या चकमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या जबड्यात, लोखंडाचा तुकडा किल्लीने आवळला की आधी किल्ली काढायची, मगच मशीनला हात लावायचा, हे तो घसा फाटेपर्यंत ओरडायचा. चकमध्ये विसरलेली किल्ली मशीन सुरू होताच गोळीसारखी सुटते, आणि समोर कोणाचं तोंड आहे ते बघत नाही. तास संपला की मामा दारात उभा. प्रत्येकाने दोन्ही पंजे दाखवायचे, तो दहा बोटं मोजणार, तेव्हाच बाहेर सोडणार. मामी म्हणायची, "घरी आले की मी यांची मोजते."

मीही पुढे त्याच विभागात शिकवू लागलो. मग आमचे विभागप्रमुख कुठल्याशा परिषदेला गेले आणि डोळ्यांपुढे आभासी मशीन दाखवणारे हेडसेट घेऊन आले. हा गृहस्थ शर्टाला तेलाचा डाग पडेल म्हणून वर्कशॉपचा उंबरा कधी ओलांडत नसे. आता डोळ्यांवर ते डबडं चढवून, रिकाम्या हवेत हात फिरवत, खुर्चीत बसून तो लेथ चालवू लागला. उंटावरून शेळ्या हाकणारे मी पुष्कळ पाहिले होते, याला तर शेळ्याही नको होत्या. मुलंही खूश. आवाज नाही, घाम नाही, चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. बघता बघता पाचातले चार लेथ भंगारात गेले.

"पाचवा तरी ठेवा साहेब. एकदा तरी पोरांच्या हाताला खरं मशीन लागू दे," म्हणत मामा तीन दिवस त्यांच्या केबिनबाहेर ताटकळला.

"तपासणी समिती येतेय, तेव्हा बघू," असं म्हणून प्रमुखांनी त्याला वाटेला लावलं.

मामाने तो लेथ घासूनपुसून लख्ख केला. समितीला पटेल, अशी त्या भोळ्या माणसाला खात्री होती.

समितीचे तिघे आले. हेडसेटमध्ये प्रमुखांना शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळाले होते आणि ते थेट डोक्यात गेले होते. "तिथे शिकलेलं हाताला कसं जमतं, मीच दाखवतो," म्हणत त्यांनी मामाला बाजूला सारलं. तुकडा लावला, किल्लीने आवळला. आवळला छानच, खोटं कशाला बोलू. आणि किल्ली तशीच ठेवून, पाहुण्यांकडे हसून बघत, त्यांनी दांडा ओढला.

हेडसेटमध्ये तुकडा आवळला की किल्ली आपोआप जागेवर जाते. शिकणाऱ्याचा वेळ वाचावा म्हणून केलेली सोय!

मशीन हललंच नाही. बाजूला होतानाच मामाने मेन स्विच पाडून ठेवला होता. तो शांतपणे पुढे आला, किल्ली उपसली आणि म्हणाला, "ही राहिली होती, साहेब." तिच्या अगदी समोर उभे असलेले समितीचे अध्यक्ष पांढरेफटक पडले.

प्रमुखांनी मात्र दुसऱ्याच दिवशी अहवालात अकलेचे तारे तोडले: जुनं मशीन जिवाला धोकादायक, हेडसेटमध्ये असला प्रकार घडूच शकत नाही. खाली विभागातल्या एका शिक्षकाची सही हवी होती. तो शिक्षक मी. माझी बढती प्रमुखांच्या हातात होती. मी मुकाट्याने सही केली. प्रमुखांचा मला तिटकारा होता, पण त्या दिवशी मला स्वतःचीच किळस आली.

लेथ ट्रकवर चढला तेव्हा प्रमुख आणि मी कागद तपासायला वर्कशॉपमध्ये गेलो होतो. कागदांत वरच तो अहवाल होता, खालची माझी सही मामाने वाचली. निघताना मामा हातात ती किल्ली घेऊन दारात आडवा उभा.

"साहेब, हात."

हमाल बघत होते. प्रमुखांनी चरफडत पंजे पुढे केले. मामाने एकेक बोट मोठ्याने मोजलं. "दहा. जा."

मग मी माझे हात पुढे केले. मामाने त्यांच्याकडे पाहिलं, किल्ली खिशात टाकली आणि वाटेतून बाजूला झाला.

"तुझे राहू दे," तो म्हणाला.