गिरणीवालीचं वायफाय

बिघाड शोधायचं म्हणलं की मला चेव येतो. वीस वर्षं पिठाची गिरणी चालवलीय मी, नवरा होता तेव्हाही आणि तो गेल्यावरही. पट्टा घसरायलाय का, दगड गुळगुळीत झालाय का, मोटार तापलीय का, सगळं मला नुसत्या आवाजावरून कळतं. बसवकल्याणहून मिस्त्री बोलावला तो आजवर दोनदाच, आणि दोन्ही वेळा काय बिघडलंय ते मीच त्याला सांगितलं. म्हणून घरातलं वायफाय सारखं जायला लागलं तेव्हा मी पदर खोचला. चार दिव्यांची ती पांढरी पेटी, ती माझ्यापुढं काय टिकणार?

वायफाय घेतलं होतं सुनेसाठी. ती हैदराबादच्या एका कंपनीचं काम घरून करते. लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, त्यांना मार्ग सांगायचा. मराठी, कन्नड आणि आपली इकडची हिंदी, तिन्ही फडाफडा बोलते म्हणून तर कंपनीनं तिला घेतलं. सोयरीक जुळवताना तिच्या वडिलांनी भीतभीत विचारलं होतं, पोरीनं काम चालू ठेवलं तर चालंल का? मी म्हणलं, "चालंल म्हणजे? मी ठेवलंय की माझं!" मुलगा हुमनाबादला कारखान्यात, पंधरा दिवसांनी घरी येणार. म्हणजे घरात आम्ही दोघीच. ती येण्याआधी मी दोन घास उभ्या उभ्याच खायची. आता ताट वाढून घेऊन बसून जेवते, आणि जेवताना हसते. तिचा मला लळा लागलाय, त्यात लपवायचं काय?

तर वायफाय. सुरुवातीला आठवड्यातून एखाद्या वेळी जायचं, दिवाळीनंतर दिवसातून तीन-चार वेळा जायला लागलं. ती माणसाशी बोलायलीय आणि मधीच तुटलं. चार मिनिटांनी परत आलं, तोवर पलीकडचा माणूस चिडून गेलेला.

गिरणीत मी एक गोष्ट शिकलेय. एका वेळी एकच बदलायचं. पट्टा, दगड आणि तारा एकदमच बदलल्या तर दोष कशात होता ते जन्मात कळत नाही. त्याच रीतीनं मी निघाले. आधी तिच्या लॅपटॉपवर संशय घेतला, पण तुटलं की माझ्या मोबाईलचंही तुटायचं, मग तो सुटला. पेटी देवळीत होती, ती काढून बाहेरच्या खोलीत उंच खिळ्याला टांगली. फरक नाही. मग मला वाटलं शेजारच्या अक्काकडं पाहुणी पोरं आलीत, तीच आमचं वायफाय ओढायलीत. पासवर्ड बदलायला लावला आणि अक्काशी तीन दिवस अबोला धरला. पाहुणे गेले, तरी फरक नाही. पण अबोला धरलाच आहे तर लगेच कसा सोडायचा, म्हणून चौथा दिवसही ओढला.

मग नेटवाल्याला धारेवर धरलं. चाळिशीचा, गरीब स्वभावाचा कन्नड माणूस, मी त्याला अण्णा म्हणायची, तो मला अक्का. तीन वेळा आला बिचारा. तो आला की मी हातातलं काम टाकून, गिरणी बंद करून त्याच्या मागं उभी. माझ्या घरात कुणी वायरीला हात लावायचा आणि मी बघायचं नाही, असं कसं? तो पेटी बघायचा, वायर बघायचा, मोबाईलवर काहीतरी मोजायचा आणि म्हणायचा, "अक्का, एल्ला सरी अदा." सगळं ठीक हाय. चहा पिऊन तो वळणावर गेला न गेला की परत गुल. तिसऱ्या वेळी मी फोनवर बोलले, "अण्णा, ते तुमच्या तोंडाला भिऊन चालतंय का काय? मग तुमचा एक फोटोच लावून जावा इथं."

माझा असा सगळा तोरा चालू होता आणि एका शुक्रवारी सून गिरणीच्या दारात येऊन उभी राहिली. तोंड उतरलेलं. मी मोटार बंद केली.

"आत्या," ती म्हणली. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. "सोमवारी दहाला मोठ्या साहेबांची मिटिंग हाय. आता परत तुटलं तर पुढच्या महिन्यापासून हैदराबादला ऑफिसात येऊन बसा म्हणलेत."

"म्हणजे रोज जायचं-यायचं?"

"रोज कसं जमंल? तिकडंच राहायचं. मी एका हॉस्टेलात विचारून ठेवलंय."

विचारून ठेवलंय! मला राग आला. तिचा नाही, त्या पेटीचा. "कुणी जायचं न्हाई," मी म्हणलं. "दोन दिवस हायत. माझ्या घरात बिघाड राहिलाय का कधी?"

शनिवारी सकाळी आठला मी पेटीसमोर खुर्ची टाकून बसले. ठरवलं, आज गिरणीला सुट्टी. हे भूत कधी येतंय आणि कसं जातंय ते डोळ्यानं बघायचं. दारात दळणाचे डबे साचायला लागले. बायका डोकावून जायच्या. शेजारची अक्का, मागचा अबोला विसरून, ज्वारीचा डबा घेऊन आली ती उंबऱ्यातच बसली. "अगं घरात भाकरीपुरतं पीठ न्हाई माझ्या," म्हणली. मी हलले नाही. नऊ वाजले, अकरा वाजले, एक वाजला. हिरवे दिवे हिरवेच. आतून सुनेचा आवाज अखंड चालू, एकदाही तुटला नाही.

"बघितलंस का?" मी ओरडले. "मी समोर बसले तर हिंमत न्हाई त्याची!"

सून बाहेर आली, माझ्याकडं बघून कसनुसं हसली आणि परत आत गेली. मला तेव्हा काही खटकलं नाही. मी आपली विजयात होते.

अक्काचा डबा उचलत मी तिला म्हणलं, "तू बस माझ्या जागेवर. हे दिवे बघत राहा. गेले की हाक मार." गिरणी घराला लागूनच, पत्र्याच्या खोलीत. मी जाऊन बटण दाबलं. मोटारीनं एक हिसका दिला, पट्ट्यानं पकड घेतली. मी ज्वारी ओतायला डबा उचलते न उचलते तोवर अक्का दारात. "गेले! गेले! समदेच दिवे गेले!"

"काय केलंस गं?"

"मी काय करू? बोट बी लावलं न्हाई!"

मी गिरणी बंद केली. चार मिनिटं थांबलो, दिवे एकेक करून हिरवे झाले. परत बटण दाबलं. "गेले!" तिसऱ्यांदा दाबताना मी उघड्या दारातून घरातल्या ट्यूबकडं बघितलं. मोटार उठली तशी ट्यूब क्षणभर मंद झाली आणि परत उजळली. ही गोष्ट मी वीस वर्षं रोज बघत आलेय. इतकी बघितलीय की दिसायचीच बंद झाली होती.

मी तिथंच पिठाच्या पोत्यावर बसले. म्हणजे बिघाड माझ्या गिरणीचा. अण्णा आला की मीच गिरणी बंद करून त्याच्या मागं उभी राहायची, मग त्याला सापडणार काय, कप्पाळ? सकाळभर पेटीसमोर बसले तेही गिरणी बंद करूनच. मला लाज वाटली, चांगलीच वाटली. अक्कानं तेवढ्यात संधी साधली. "म्हणजे चार दिवस माझ्याशी बोलली न्हाईस ते उगंच व्हय?" मी म्हणलं, "तुझं दळण आज फुकट. आता गप."

अण्णाला फोन केला. त्यानं मराठी-कन्नड मिसळून समजावलं. दिवाळीनंतर शेतातले पंप चालू झाल्यानं लाईन आधीच कमी, त्यात मोटार उठताना व्होल्टेज आणखी पडतं, पेटीला तेवढं सहन होत नाही, ती बंद पडून नव्यानं सुरू होते. मोबाईलच्या दुकानात तळहाताएवढी बॅटरी मिळतंय, ती मधी लावा, काम झालं. त्याला चार शब्द बोलले होते त्याबद्दल मी माफी मागितली. "नंतर चहा पाजा, अक्का," म्हणला.

रविवारी पहिल्या जीपनं बसवकल्याणला गेले आणि बॅटरी घेऊन आले. माझी मीच लावली. गिरणी चालू केली. ट्यूब क्षणभर मंद झाली. धावत घरात आले, तर पेटीचे दिवे जागचे हललेही नव्हते. पाच वेळा करून बघितलं, पाचही वेळा तसंच. मी सुनेला हाका मारून बाहेर बोलावलं आणि गिरणी, व्होल्टेज, बॅटरी, सगळं हातवारे करून सांगितलं. बिघाड माझाच होता हेही सांगून टाकलं, पण शोधला बी मीच, हे दोनदा सांगितलं.

ती ऐकत होती. बॅटरीचं ऐकून तिचा चेहरा खुलला, पण गिरणीचं ऐकून ती जरासुद्धा दचकली नाही. तिथं मला ठेच लागली.

"तुला माहीत होतं," मी म्हणलं.

ती खाली बघायला लागली. "गिरणी चालू झाली की तुटतंय एवढं कळलं होतं. मोटारीच्या लहरींनी वायफाय बिघडतंय असं कुठंतरी वाचलं. मला वाटलं, गिरणी बंद केल्याबिगर उपाय न्हाई."

"आणि तू हॉस्टेल बघितलंस? मला तोंडानं सांगितलं न्हाईस? कामून? मी काय वाघीण हाय का?"

"तसं न्हाई, आत्या. माझी आई ब्लाउज शिवायची. लांबून बायका यायच्या. मशीनच्या आवाजानं आजीला दुपारची झोप लागंना. मशीन बंद कर असं आईला कुणीच म्हणलं न्हाई. नुसतं रोज सांगायचे, आजीला झोप न्हाई, आजीला झोप न्हाई. एक दिवस आईनंच मशीनवर चादर टाकली. परत काढली न्हाई. मला तुमच्या गिरणीवर चादर टाकायची नव्हती."

गावात माझ्या तोंडाला लागायला माणसं भितात, त्या माझ्या डोळ्यात पाणी आलं आणि ते मी पुसलंही नाही. "येडे," मी म्हणलं, "दोघींतल्या एकीचं बंद पडायलाच पाहिजे असं सांगितलं कुणी तुला?"

"आजपर्यंत तसंच बघितलंय," ती म्हणली.

सोमवारी पावणेदहापर्यंत दारात सहा डबे जमले. मी बायकांना सांगितलं, अकरानंतर या. बॅटरीवर माझा विश्वास होता, पण आजच्या दिवशी परीक्षा कशाला? तर सूनच गिरणीच्या दारात आली, हेडफोन गळ्यात.

"आत्या, चालू करा."

"तुझी मिटिंग होऊ दे, मग करते."

"न्हाई. दहाला करा. मिटिंगपुरती गिरणी थांबवायची असंल तर मी हैदराबादला गेलेलीच बरी." एवढं बोलून ती आत गेली. माझ्याशी या आवाजात ती पहिल्यांदाच बोलली होती, आणि मला ते आवडलं.

दहाला मी बटणावर बोट ठेवलं. वीस वर्षांत त्या बटणाला मी कधी भ्याले नव्हते, त्या दिवशी भ्याले. दाबलं. मोटार उठली. मग तासभर मी दळत राहिले. गिरणीच्या आवाजात घरातलं काही ऐकू येत नाही. जाऊन बघावं असं शंभरदा वाटलं, पण गेले नाही. सहावा डबा संपत आला तेव्हा ती दारात दिसली. मी गिरणी बंद केली.

"तुटलं?"

"न्हाई."

"मग काय झालं? बोल की लवकर!"

"साहेबांनी विचारलं, मागं कसला आवाज हाय. मी म्हणलं, माझ्या सासूबाईंचं काम चालू हाय."

"मग?"

"मग म्हणले, तुमचं बी तिथनंच चालू ठेवा."