खुणेचा निरोप

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की टर उडवणाऱ्यांत मी पहिला. असोद्याला माझं मोबाईल रिचार्जचं दुकान आहे. बॅटरी, रेंज, चार्जर... माझं जग एवढंच. तरी हे लिहितोय.

मागच्या मे महिन्यात वादळाने केळीच्या बागा आडव्या केल्या, सोबत विजेचे खांबही. नऊ दिवस लाईट नाही, टॉवर बंद. फोन म्हणजे नुसती डबडी – आणि माझं दुकान म्हणजे निरोपांचं ठाणं. येणारा-जाणारा तोंडी निरोप आणायचा. एका खोट्या निरोपापायी एक आबा उगाच भुसावळला जाऊन आले, तेव्हा जाणत्यांनी जुनी रीत काढली – निरोपासोबत खूण सांगायची. पाठवणारा आणि घेणारा, दोघांनाच ठाऊक असलेली.

माझी धाकटी बहीण सविता साक्रीला दिलेली. नववा महिना लागलेला, त्यामुळे आईचा जीव टांगणीला.

सहाव्या दिवशी सकाळी दहाला एक उंच, अनोळखी माणूस दुकानापुढे उभा राहिला. "भाऊ, तुन्ही बहीणले धुयाले दवाखानामा लई जाई ऱ्हायनात. रक्त लागी. तू लगेच नीघ."

आई आतून ओरडली, "आधी खूण इचार त्याले!"

"पैंजण तू दपाडं, मार तिनी खादा."

लहानपणी सविताचं पैंजण मीच लपवलं होतं. तिने मुकाट मार खाल्ला, माझं नाव घेतलं नाही. हे आईलाही माहीत नव्हतं. बंद फोन दुकानातच टाकून मी एसटी गाठली.

धुळ्याच्या दवाखान्यात मेहुणे माझ्याकडे बघतच राहिले. "तुमले कोनी सांगं?"

आमच्या घरात ओ निगेटिव्ह मी आणि सविता, दोघंच. मी लगेच रक्त दिलं. डॉक्टर म्हणाले, तासभर उशीर झाला असता तर अवघड होतं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी बाकावर बसून ढसाढसा रडलो.

सविता नंतर म्हणाली, "दादा, मी तं कोनाले कायबी सांगितलं नाई." साक्रीकडे त्या माणसाला कुणी ओळखत नाही.

लाईट आल्यावर फोन चार्जिंगला लावला. अडकलेले मेसेज धडाधड आले. त्यात मेहुण्यांचा – "सविता सकाळपर्यंत ठणठणीत होती, आत्ताच अचानक बिघडलं. धुळ्याला हलवतोय. रक्त लागेल." वेळ त्याच सहाव्या दिवशीची, दुपारी बारा पन्नास. तेव्हा माझी एसटी धुळ्याच्या वाटेवर पारोळ्याच्याही पुढे गेली होती.

डोकं खूप खाजवलं, उत्तर नाही... आता शोधतही नाही. चुटपुट एकच – एवढ्या उन्हातून आलेल्या त्या माणसाला मी साधं पाणीसुद्धा विचारलं नाही.