सूर्याचा रिकामा पेला

"आता कोणी पिऊ नका! नुसतं पुढे द्या!" अर्नाळ्याच्या शाळेच्या पटांगणात मी आठवीच्या मुलांवर ओरडत होतो. मुलं गोल उभी, एकाच्या हातात कोकम सरबताचा पेला. मुख्याध्यापिका बाई व्हरांड्यातून बघत होत्या. आमच्या संस्थेचा शनिवारचा पर्यावरणाचा तास चालू ठेवायचा की स्कॉलरशिप परीक्षेच्या तयारीला द्यायचा, हे त्या आज ठरवणार होत्या.

मी शिकवायला आलो तो खाडीतल्या भरावाविरुद्ध पत्रकं वाटत. माझ्या प्रत्येक पत्रकात एक वर्तुळ असतं, त्याला बाण, आणि खाली 'निसर्गात काहीच वाया जात नाही!!!'

पहिला खेळ झकास झाला होता. चेंडू म्हणजे कार्बन. मुलं झाली समुद्रातले जीव; चेंडू शेवाळाकडून जवळ्याकडे, मग मांदेलीकडे, मग सुरमईकडे. सुरमई मेली. मग विघटकांनी, म्हणजे मेलेलं कुजवणाऱ्या जिवाणूंनी, चेंडू परत शेवाळाला दिला. टाळ्या!

मग ऊर्जा, म्हणजे पेल्यातलं सरबत. तिलाही मी त्याच गोलात कोंबलं, फक्त सुरुवातीला सूर्य उभा केला. नियम माझाच: जगायला लागेल तेवढं प्यायचं, उरलेलं पुढे. शेवाळाने मोठा घोट घेतला, जवळ्याने त्याहून मोठा. सुरमईचे जेमतेम ओठ भिजले.

"सर, मना कायच नाय आलं," पेला फिरून परत आला तेव्हा सूर्य झालेली प्रणाली म्हणाली.

"हावरट आहात सगळे! बिल्डर हेच करतात!" मी भडकलो, पेला पुन्हा भरला आणि पिण्यावर बंदी घातली.

बाई खाली उतरल्या. "मग जवळा जगला कशावर, सर?"

"बाई, ते प्रतीकात्मक..."

"पोरं बरोबर पितायत. पोहण्यात, वाढण्यात ऊर्जा खर्च होते, तिची उष्णता होते. ती सूर्याकडे परत जात नाही. म्हणून ऊन रोज नव्याने लागतं. चेंडू फिरतो, सरबत संपतं."

"पण आमच्या पत्रकात..."

"छापण्याआधी कुणाला दाखवलं होतंत?"

सुरमई झालेला रोशन हळूच म्हणाला, "सर, सूर्यावर मोर्चा काढूया?"

सगळं पटांगण हसलं. बाईसुद्धा.

शनिवारचा तास वाचला. आता तो बाई घेतात, मी सरबत ओततो. पत्रकावरचा बाण कुठेही वळतो, वाचणारा हूं की चूं करत नाही. वर्गात तोच बाण वळवायचा तर आधी तहानलेल्या आठवीला विचारावं लागतं.